ती लांब जाणारी डिस्क आधी कपाटात ठेवा

वाचकाचं पत्र :

नमस्कार. मी ४१ वर्षांची, शाळेत शिकवते, राहायला इंदिरानगरला. माझे दीर फिनलंडला असतात. दिवाळीत आले तेव्हा माझ्या १२ वर्षांच्या मुलासाठी डिस्क गोल्फच्या, म्हणजे चकती फेकत कमीत कमी फेकांत लक्ष्य गाठायच्या खेळाच्या, तीन डिस्क घेऊन आले. मुलापेक्षा मलाच त्याचं वेड लागलंय. पण महिना झाला तरी एकही डिस्क सरळ जात नाही. जिच्यावर १२, ५, उणे १, ३ असे आकडे आहेत ती सगळ्यात लांब जाते असं दीर म्हणाले होते. माझ्या हातून ती जरा वर चढते, मग डावीकडे वळून खाली बसते. तीस पावलंसुद्धा जात नाही. उजवा खांदा भरून येतो. परवा फिरायला आलेल्या एका काकांच्या पायाशी डिस्क पडली, ते खूप रागावले, आणि तेव्हापासून मैदानावर जायची लाज वाटते. साखळ्यांची ती बास्केटही नाशिकमध्ये कुठे दिसली नाही. या वयात, या गावात हा खेळ सुरू करणं जमेल का? की मुलाला सरळ क्रिकेटला घालू?

ताई,

जमेल. क्रिकेटचं नंतर बघू. आधी १२, ५, उणे १, ३ वाली ती डिस्क उचला आणि कपाटात ठेवून द्या. निदान वर्षभर तिला हात लावू नका. तुमच्या पत्रातली निम्मी दुखणी त्या एका डिस्कपाशी आहेत, खांद्याचंसुद्धा.

दिरांनी खोटं सांगितलेलं नाही. ती डिस्क लांब जातेच, पण जिच्या हातात तेवढा वेग आहे तिच्याच हातून. डिस्कवरच्या चार आकड्यांत पहिला वेगाचा. हा आकडा साधारण १ पासून १४-१५ पर्यंत जातो, आणि जवळजवळ प्रत्येक नवा खेळाडू तो उलटा वाचतो. १२ म्हणजे ‘ही डिस्क वेगात जाते’ असं नाही. १२ म्हणजे ‘मला एवढ्या वेगाने फेकलंस तरच मी माझं काम करीन’ असं ती डिस्क सांगते. दुसरा आकडा तरंगण्याचा, १ ते ७. जास्त असेल तितकी डिस्क हवेत रेंगाळते. तिसरा, ती वेगात असताना उजवीकडे किती कलेल याचा. तो उण्यात जितका खोल, तितका कल जास्त. चौथा, वेग ओसरल्यावर ती डावीकडे किती वळेल याचा, ० ते ५. हे उजवं-डावं उजव्या हाताने, हात छातीसमोरून ओढून फेकणाऱ्यांसाठी. डावखुऱ्यांनी सगळं उलटं धरायचं.

आता तुमची डिस्क डावीकडेच का जाते ते बघा. तुम्ही फेकलेली डिस्क वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत असते. लहानपणी भोवरा फिरवला असेल. जाळी नीट गुंडाळून जोरात सोडला की भोवरा एका जागी निश्चल उभा राहतो, आणि गती कमी झाली की डुलायला लागतो. डिस्कचं तसंच आहे. वेग असतो तोवर ती सपाट उडते. वेग उतरला की हवा तिची पुढची कड वर उचलायला बघते. पण फिरती वस्तू ढकलाल त्या बाजूला कलत नाही, काटकोनात कलते. म्हणून पुढची कड वर जाण्याऐवजी डिस्कची डावी बाजू खाली झुकते आणि ती डावीकडे उतरते. वेग १२ वाल्या डिस्कला तुमच्या आणि माझ्या हातचा वेग मुळातच पुरत नाही, त्यामुळे ती हातातून सुटल्यापासूनच ‘उतरणीला’ लागलेली असते. तिचा चौथा आकडा ३ आहे, म्हणजे उतरताना ती चांगलीच वळणार. तिने केलं ते बरोबरच केलं.

मी स्वतः यातून गेलो आहे. पहिली डिस्क मागवली तेव्हा विकणाऱ्याने ‘नवीन लोक हीच घेतात’ म्हणून वेग १३ ची माझ्या गळ्यात मारली. सहा महिने मी तीच फेकत राहिलो. सरळ जात नाही म्हणून आणखी जोर, आणखी जोर म्हणून आणखी वाकडी. खांद्याने पुढचे दोन महिने मला शर्ट नीट घालू दिला नाही. मग एका मित्राने त्याची जुनी पटर, म्हणजे जवळून लक्ष्यात टाकायची डिस्क, हातात दिली, वेग २, कडा बोथट, प्लॅस्टिक मऊ, आणि म्हणाला, अर्ध्या जोराने टाक. ती डिस्क समोरच्या बाभळीपर्यंत सरळ गेली आणि खोडाशी अलगद बसली. जेमतेम पंचवीस पावलांचं अंतर होतं. पण सहा महिन्यांत पहिल्यांदाच मी जे ठरवलं होतं तेच घडलं होतं.

तुमच्या तीन डिस्कांपैकी एक पटर बहुधा असेलच. जिचा पहिला आकडा २ किंवा ३ आहे, कड जाड आणि गोलसर आहे, ती पटर. पहिला आकडा ४ किंवा ५ असेल ती मिडरेंज, मधल्या पल्ल्याची. दोन महिने फक्त पटर, मग मिडरेंज. आता काहीही नवीन विकत घेऊ नका. पुढे कधी ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, घ्यावीशी वाटलीच, तर वेग ६-७ ची, तिसरा आकडा उणे २ च्या आसपास असलेली, वजनाला १५० ते १६५ ग्रॅम. बहुतेक डिस्क १५० ते १८० ग्रॅमच्या असतात. हलकी असेल तितकी कमी जोरात उडते. मुलासाठी तर १५० किंवा त्याहून हलकीच बघा.

पहिले पंधरा दिवस मैदानावर फेकायला जायचंच नाही. हे लाजेमुळे नाही, कामासाठी. टोमॅटोचं एक रिकामं प्लॅस्टिकचं क्रेट मिळवा. नाशिक जिल्ह्यात ते मिळणं अवघड नाही. भाजीवाल्याला विचारलंत तर जुनं, एका कोपऱ्यातून फुटलेलं देईल. ते आडवं करून, तोंड तुमच्याकडे ठेवून, स्टुलावर किंवा खुर्चीवर ठेवा, म्हणजे साधारण कमरेच्या उंचीला येईल. खऱ्या बास्केटची कडही जमिनीपासून ८० ते ८५ सेंटीमीटरच्या आसपास असते. मागे जुनी चादर टांगा, नाहीतर प्रत्येक चुकलेल्या डिस्कबरोबर शेजारच्यांच्या कुंड्या जातील. चार पावलांवर उभ्या राहा. अंगठा डिस्कच्या वर, तर्जनी कडेला लागून, बाकी बोटं खाली पसरलेली. डिस्क पोटाजवळून सुरू करून सरळ क्रेटकडे हात लांबवा आणि शेवटी बोटांनी तिला गिरकी द्या. हात थांबेल तेव्हा बोटं क्रेटकडे रोखलेली हवीत. दहापैकी आठ आत गेल्या की एक पाऊल मागे. पाच जात नसतील तर एक पाऊल पुढे.

हे कंटाळवाणं वाटेल. पण फेका सगळ्यात जास्त इथेच वाया जातात. लांबून टाकलेली सुंदर डिस्क बास्केटपासून पाच पावलांवर येऊन पडली आणि तिथून आत टाकायला तीन फेका लागल्या, तर त्या सुंदर फेकीचं काय करायचं? तुमचा मुलगा शाळेतून आला की चहा उकळेपर्यंतच्या वेळात दोघांच्या वीस-वीस होतात.

नंतर लांब फेक. खांद्याचं कारण असं, की तुमची फेक फक्त हाताची आहे. द्राक्षबागेत फवारणीचा पंप सुरू करताना माणसं दोरी कशी ओढतात ते पाहिलंय ना? हात अंगाजवळून सरळ रेषेत येतो, कंबर वळते आणि झटका शेवटी बसतो. सुरुवातीपासून जोर लावला तर पंप सुरू होत नाही आणि दोरीही तुटते. डिस्क तशीच ओढायची. लक्ष्याकडे उजवा खांदा करून आडव्या उभ्या राहा. चारही बोटं कडेच्या आत मुडपून, अंगठा वर. वजन मागच्या, म्हणजे डाव्या पायावर. डिस्क छातीजवळून सरळ पुढे आणा, वजन उजव्या पायावर येऊ द्या, आणि हात पुढे सुटू द्या, मध्येच अडवू नका. खांदा तो अडवण्याने दुखावतो. उजवी टाचही फिरू द्या, नाहीतर खांद्याचं दुखणं गुडघ्यात जाईल. धावत येऊन फेकणारे लोक व्हिडिओत दिसतील. त्यांचं पाहू नका. जागेवर उभं राहून पटर तीस-पस्तीस मीटर सरळ जाईपर्यंत एकही पाऊल टाकायचं नाही.

तुमची डिस्क ‘आधी जरा वर चढते’ असं लिहिलंत, त्यावर दोन शब्द. हातातून सुटताना तुमची पुढची कड वर असते. यावर माझा स्वतःचा उपाय असा : हातात डिस्क नाही, पाण्याने भरलेलं ताट आहे असं समजा. फेकताना थेंब सांडलाच तर लक्ष्याकडच्या कडेवरून सांडला पाहिजे, तुमच्या मनगटावर नाही. एवढ्या एका विचाराने मनगट आपोआप खाली येतं. दहा फेकांनंतर ‘वर चढणं’ बंद झालं नाही तर मला परत लिहा.

खांदा आत्ता भरलेला असेल तर आधी आठ-दहा दिवस पूर्ण विश्रांती. तरी हात डोक्यावर नेताना कळ येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, त्यात टाळाटाळ नको. पुढेही एका दिवसात तीस-चाळीस फेकांच्या वर जाऊ नका.

आता काकांबद्दल. ते रागावले ते बरोबर रागावले. कडक प्लॅस्टिकची, पातळ कडेची ती डिस्क नडगीवर बसली असती तर महिनाभर लंगडले असते. या खेळाचा पहिला नियमच आहे, की समोर माणूस असेल तर फेकायचं नाही. माझं माप असं : मी जेवढं लांब फेकतो त्याच्या दुप्पट अंतरात, समोर आणि दोन्ही बाजूंना, कोणी नको. नवशिक्याची डिस्क तर बाजूलाच जास्त जाते. आणि तरीही कोणी आलं तर खच्चून ओरडायचं, ‘काका, बाजूला!’ मान खाली घालून पुटपुटायचं नाही.

पण काकांना टाळून मैदान बदलू नका. उद्या सकाळी डिस्क न नेता जा, त्यांना गाठा, चूक झाली म्हणा. जमलं तर परवा पटर घेऊन जा आणि त्यांच्या हातात द्या. ‘एकदा टाकून बघा’ म्हणा. सकाळी फिरायला येणाऱ्या माणसांना मैदानाची खडान्‌खडा माहिती असते : कुठल्या कोपऱ्यात किती वाजता कोणी नसतं, कुठल्या बाजूला गवतात काचा आहेत, क्रिकेटची पोरं कधी येतात. माझ्या मैदानावरची सगळ्यात चांगली जागा मला अशाच एका आजोबांनी दाखवली.

जागेचं म्हणाल, तर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला आपण सगळे अजून ‘गोल्फ क्लब’च म्हणतो, आणि तिथून जाताना प्रत्येक वेळी माझ्या मनात येतं की या नावाच्या मैदानावर डिस्क उडायला हवी. पण तिथे फिरणारे, धावणारे, क्रिकेटवाले यांची एवढी गर्दी असते की नवशिक्याने तिथे सुरुवात करू नये. तुमच्या भागातलं एखादं मोकळं मैदान, सुट्टीच्या दिवशी तुमच्याच शाळेचं पटांगण (मुख्याध्यापकांना विचारून, शिक्षिका असल्याचा एवढा तरी फायदा घ्या), नाहीतर शहराबाहेर ओळखीच्या शेतकऱ्याची पडीक जमीन. द्राक्षबागेला लागून मात्र नको. डिस्क तारांत अडकते ते सोडा, घड लागलेले असताना एक डिस्क केवढं नुकसान करील, ते शेतकऱ्याला विचारा. गंगापूर धरणाच्या कडेलाही नको. जागा देखणी आहे, पण बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात, आणि त्या बुडाल्या की गेल्या.

बास्केट नाही म्हणून खेळ नाही, असं समजू नका. हा खेळ बास्केटच्या आधीचा आहे. एड हेड्रिक नावाच्या गृहस्थांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स, म्हणजे या खेळाचं मैदान, मांडला, तेव्हा लक्ष्य म्हणून नुसते खांब रोवले होते. डिस्क खांबाला लागली की नाही यावर वाद व्हायला लागले, म्हणून मग साखळ्या लटकवलेली बास्केट आली. साखळ्या डिस्कचा वेग खातात, डिस्क खाली जाळीत पडते, वाद मिटतो. हेड्रिक २००२ मध्ये गेले, आणि त्यांच्याच इच्छेनुसार त्यांच्या अस्थींची राख डिस्कच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. खेळावर इतका जीव असलेला माणूस खांबांवर भागवू शकला, तर आपलं कडुलिंबाच्या खोडावर भागेल.

मुलाला घेऊन एक रविवार फक्त चालायला काढा. कागद, पेन आणि चुन्याची पुडी सोबत. सहा लक्ष्यं निवडा : एक झाड, एक विजेचा नसलेला खांब, गोलपोस्टचा उजवा दांडा, घरून आणलेलं क्रेट, असं काहीही. प्रत्येकापासून चाळीस-पन्नास पावलांवर चुन्याची रेघ मारा, तिथून पहिली फेक. एक लक्ष्य असं ठेवा की मध्ये झाड येईल आणि डिस्क वळवावी लागेल. तुमची डावीकडे वळणारी फेक तिथे शहाणी ठरेल. खोडाला तुमच्या डोक्याच्या उंचीखाली डिस्क लागली की झालं. पुढे हौस वाढली तर अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या वेल्डिंगवाल्याला फोटो दाखवून बास्केट बनवून घेता येईल. त्याला एवढंच बजावा, की साखळ्या ताणून बसवायच्या नाहीत, सैल आणि दोन ओळींत हव्यात. ताणलेल्या साखळीवरून डिस्क उसळून परत येते.

नियम थोडेच आहेत. डिस्क जिथे पडली तिच्या मागून पुढची फेक. ज्याची डिस्क लक्ष्यापासून सगळ्यात लांब, तो आधी. लक्ष्यापासून दहा मीटरच्या आत असाल, साधारण तेरा पावलं, तर फेकल्यावर तोल सावरून उभं राहायचं, मगच पुढे पाऊल टाकायचं. ठरवलेल्या हद्दीबाहेर गेली तर एक फेक दंड. हरवली तर तीन मिनिटं शोधायची. सगळ्यात कमी फेकांत संपवेल तो जिंकला. मुलाला सुरुवातीला प्रत्येक लक्ष्यामागे एक फेक सूट द्या. ती तो महिन्याभरात स्वतःच परत करील.

हरवण्यावरून सांगतो : पावसाळ्यानंतर आपल्याकडे गवत गुडघ्याएवढं होतं आणि मग पिवळं पडतं. हिरवी किंवा पिवळी डिस्क त्यात समोर असून दिसत नाही. गुलाबी, निळी, नारिंगी दिसते. वाढलेल्या गवतात हात घालण्याआधी काठीने चाळवा, जनावर असतं. प्रत्येक डिस्कच्या पोटाशी पक्क्या मार्करने फोन नंबर लिहा. माझी एक डिस्क चार महिन्यांनी एका गुराख्याच्या पोराने फोन करून परत दिली.

आत्ता थंडी आहे. पहाटे दवाने डिस्क निसरडी होते, गारठ्याने प्लॅस्टिक ताठ होतं, आणि बोटंही. एक कोरडा पंचा कमरेला खोचून जा, शक्यतो ऊन वर आल्यावर. मार्चनंतर दुपारी वारा सुटायला लागेल. वाऱ्याशी अजून भांडू नका, फक्त ओळखा : चिमूटभर धूळ खांद्याच्या उंचीवरून सोडा. वारा समोरून असेल तर डिस्क वर उचलली जाईल आणि उजवीकडे कलेल, पाठीमागून असेल तर लवकर खाली बसेल आणि डावीकडे आधीच वळेल. समोरून वारा असताना सगळे जोर वाढवतात. तुम्ही कमी करा आणि डिस्क कमी उंचीवरून जाऊ द्या.

वयाचं विचारलंत. अमेरिकेतल्या व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटनेच्या स्पर्धांत चाळिशीपासून पुढे वेगळा गट सुरू होतो, मग पन्नाशीचा, साठीचा, त्याच्याही पुढचे. म्हणजे तुम्ही त्या गटात जेमतेम शिरलेल्या आहात. आणि हा पुरुषांचा खेळ आहे असं कोणी सुचवलं तर एस्टोनियाच्या क्रिस्टिन टाटारचे व्हिडिओ मुलाला दाखवा. २०२२ आणि २०२३, लागोपाठ दोन वर्षं तिने जगज्जेतेपद घेतलं. तिचा हात बघू नका, पाय बघा. किती शांत पडतात.

क्रिकेटला मुलाला जायचं असेल तर जरूर घाला, दोन्ही होईल. पण रविवारची सकाळ राखून ठेवा. पहिल्या सहा लक्ष्यांचा हिशेब कागदावर लिहून तारीख टाका, तुमचा आणि त्याचा. काका आले तर त्यांचाही.